भरल्या गाडीचा क्लच

गुणाजीला ऐकू येत नाही हे मला कळलं ते कुकरमुळे.

आम्ही नाहूरला तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सोसायटीची कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे रस्त्याच्या कडेला, ताडपत्रीच्या सावलीत, गुणाजीचं दुकान. दुकान म्हणजे बसायला एक लाकडी खोकं, पान्यांची पेटी, रॉकेलचा डबा आणि समोर उभ्या दोन-तीन मोटारसायकली. पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत एका दुपारी माझ्या कुकरचा व्हॉल्व्ह उडाला. केवढा तरी आवाज झाला. वरच्या मजल्यावरच्या सुंदराबाई धावत खाली आल्या. भाजीवाला हातगाडी रस्त्यात सोडून भिंतीशी आला. आणि खिडकीपासून चार हातांवर बसलेला गुणाजी कार्ब्युरेटरचं भोक तारेने साफ करत होता, तो करतच राहिला. भाजीवाल्याचे पाय समोर दिसले तेव्हा त्याने मान वर केली. लोकांचे चेहरे पाहिले, माझ्या खिडकीतून येणारी वाफ पाहिली, आणि घाईघाईने म्हणाला, "केवढा मोठा आवाज झाला, वहिनी! लागलं नाही ना?"

तो आवाज त्याने ऐकला नव्हता. मी ओट्यावरचं वरण पुसताना तेवढाच विचार करत होते.

मग मी लक्ष ठेवायला लागले. गिऱ्हाईक बोलायला लागलं की गुणाजी त्याच्या ओठांकडे बघायचा आणि मान किंचित उजवीकडून पुढे करायचा. त्याची बायको शेवंती सकाळी मुलुंडला दोन घरी स्वयंपाक करायची आणि दुपारी त्याच्याजवळ येऊन बसायची, निवडायचे तांदूळ नाहीतर शिवण घेऊन. मागून कुणी हाक मारली की तिच्या पायाचा अंगठा अलगद त्याच्या पायाला लागायचा आणि गुणाजी वळायचा. बघणाऱ्याला वाटावं, नवराबायको बसलेत शेजारी शेजारी.

एकदा मी तिला विचारलंच. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"तुमका कोणी सांगल्यान?"

"कुणी नाही. मला दिसलं."

"वहिनी, कोणाक सांगू नकात हां. बहिऱ्याकडे गाडी कोण देतलो? लोक म्हणतले, इंजिनाचो आवाजच आयकूक येणा नाय, तो काय दुरुस्त करतलो."

मी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही.

गुणाजी कुडाळकडचा. सतरा-अठराव्या वर्षी मुंबईला आला आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागला. साचेखातं म्हणजे जिथे कापड विणतात तो विभाग. एका छपराखाली शेकडो माग, आणि माग म्हणजे गिरणीच्या भाषेत साचा. सव्वीस वर्षं तो त्या खडखडाटात उभा होता. तिथे कुणी कुणाशी तोंडाने बोलतच नसे, सगळं हाताच्या खुणांनी आणि ओठांवरून. म्हणून कान कधी गेले हे त्यालाही कळलं नाही. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद झाली. घर शांत झालं, चाळ शांत झाली, आणि त्या शांततेत त्याच्या लक्षात आलं की शेवंती काहीतरी बोलते आहे आणि आपल्याला नुसते तिचे ओठ हललेले दिसताहेत.

चाळीतल्या दादूचं लालबागला गॅरेज होतं. दोन वर्षं गुणाजी त्याच्याकडे राबला. साचा बिघडला की कुठून शोधत जायचं याची सवय अंगात मुरलेली होती, ती मोटारसायकलीला लागू पडली. पुढे शेवंतीची कामं इकडे मिळाली म्हणून बिऱ्हाड नाहूरला आलं, आणि माझ्या खिडकीसमोर ताडपत्री लागली.

त्याची दुरुस्तीची रीत मला खिडकीतून पाठ झाली होती. गाडी आली की पाना हातात घ्यायचा नाही. आधी चालवणाऱ्याला विचारायचं, कधी होतं, कुठे होतं, चढावर की सिग्नलला. मग चप्पल काढून अनवाणी गाडीवर बसायचं, इंजिन चालू करून एक तळवा गिअरबॉक्सच्या कवचावर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. लोकांना वाटायचं, नाटकं करतोय.

आमच्या गाडीच्या वेळी मी बाहेरच उभी होते. हे, म्हणजे श्यामकांत, हातात किल्ली फिरवत म्हणाले, "अरे गुणाजी, पिकअप घेतच नाही. क्लच सैल वाटला म्हणून मी केबल आवळली होती, तरी हे असं."

गुणाजीने क्लचचा दांडा बोटाने हलवून बघितला आणि हसला. "साहेब, तुम्ही बँकेतली कुलपं टाइट करा. ही केबल नको."

"म्हणजे?"

"दांड्याला ढील लागते. चार आण्याच्या नाण्याच्या जाडीएवढी. ती ठेवली नाहीत तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो. मग इंजिन पळतं, चाक पळत नाही. आतल्या प्लेटी एकमेकींवर घासून जळतात. तुमच्या अजून जळल्या नाहीत, नशीब."

"पण सैल वाटत होता रे!"

"बरोबर आहे. सैलच वाटायला पाहिजे."

दोन मिनिटांचं काम. यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण त्या दिवसापासून ते गुणाजीचे भक्तच झाले, आणि पुढचं सगळं त्यातूनच उपटलं.

सप्टेंबरात बातमी आली की रस्ता रुंद होणार, दिवाळीनंतर कडेची सगळी ताडपत्री निघणार. त्याच आठवड्यात शेवंतीच्या भावाचं, लवूचं, गावाहून पत्र आलं. वेंगुर्ल्याजवळ काजूच्या कारखान्यात भावोजींसाठी काम बघून ठेवलंय, बिऱ्हाड घेऊन या. शेवंतीला ते पटलं होतं. गुणाजीला नव्हतं. कारण त्यांची सुलक्षणा नववीत होती. हुशार पोर, संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीला यायची. वाणिज्य शाखेला जायचं तिने माझ्यासमोर दहा वेळा ठरवलं होतं. गावाला शाळा दहावीपर्यंत, त्यापुढे एसटीने दीड तास.

"दिवाळीपर्यंत डोक्यावर छप्पर मिळाला तर रवया," शेवंती मला म्हणाली. "नाय तर जावया. माका आता ह्या रोजचा भ्या नको."

छप्पर होतं, मुलुंडला. यांचे कॉलेजमधले मित्र शरच्चंद्र एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळायचे. दुकानांना औषधं पोचवायला तिथे सहा मोटारसायकली होत्या, गोदामाला लागून पत्र्याची शेड रिकामी पडलेली, आणि आधीच्या मेकॅनिकवर शरच्चंद्र वैतागलेले. यांनी गुणाजीसाठी शब्द टाकला.

शरच्चंद्र म्हणजे काटेकोर माणूस. ते म्हणाले, "शब्द नको, काम दाखव. एक गाडी पाठवतो. अंबादासची. दर दोन महिन्यांनी तिच्या क्लचप्लेटी जळतात. तीन मेकॅनिक झाले. एकाने सबंध गिअरबॉक्स उघडला, काही सापडलं नाही. तुझ्या माणसाने कारण शोधलं तर सहाही गाड्या त्याच्या, शेडही त्याची. शनिवारी मी स्वतः येतो."

हे घरी येऊन खुशीत सांगत होते आणि मी नुसतं हं हं करत होते. यांनी शरच्चंद्रांकडे शिफारस केलेला माणूस बहिरा निघाला, तर ते यांना आयुष्यभर ऐकवतील. आणि मला हे ठाऊक होतं, यांना नव्हतं.

सोमवारी अंबादास गाडी घेऊन आला. पंचविशीचा, बोलघेवडा. "काका, ही गाडी पनवती आहे यार. असल्फ्याच्या चढावर गेली ना, की नुसती बोंबलते. रेस वाढते, गाडी जागची हलत नाही. खाली उतरलो की झकास चालते. लोक हसतात ना!"

"वास येतो?" गुणाजीने त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं.

"येतो ना. जळका. मी म्हटलं वाट लागली."

गुणाजीने ढील बघितली. चार आण्याएवढी, चोख. केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली, कुठे तुटलेली तार नाही. मग त्याने चौथा गिअर टाकला, एक पाय ब्रेकवर दाबून ठेवला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

"बघितलंत?" तो मला म्हणाला, कारण अंबादास तोवर निघून गेला होता. "ब्रेक धरलेला असताना क्लच सोडला की इंजिन मेलंच पाहिजे. मेलं म्हणजे क्लच पकड धरतोय. चालू राहिलं असतं तर घसरतोय."

"मग चांगला आहे की!"

"तोच तर त्रास आहे, वहिनी. चांगला आहे, आणि जळतोय."

मंगळवारी त्याने बाजूचं कवच खोललं. प्लेटी खरोखरच जळून निळ्या-काळ्या पडल्या होत्या. प्लेटी ज्या डब्यात बसतात त्याच्या खाचा नखाने तपासल्या, गुळगुळीत. स्प्रिंगा काढून एकमेकींशेजारी उभ्या केल्या, सगळ्या एका उंचीच्या. गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतलं आणि ऊन पडेल तसं ते फडकं फिरवत बसला; लोखंडाचा एक कण दिसला नाही. बुधवारी नव्या प्लेटी बसवल्या. गाडी उत्तम चालायला लागली. स्टेशनच्या चढावर तीन वेळा नेऊन आणली, तक्रार नाही.

बुधवारी संध्याकाळी शेवंती म्हणाली, "झाला ना? मग देवन् टाक शनिवारी. सांग, बरी झाली."

"आणि दोन म्हयन्यांनी परत जळली की?"

"दोन म्हयने तरी मिळतले!"

"मेल्यांनी तिघांनी ताच केल्यानी. मी चौथो होवचंय नाय."

गुरुवारी तो काहीच करेना. खोक्यावर बसून गाडीकडे बघत होता. दोन गिऱ्हाइकं मागून हाका मारून निघून गेली, कारण शेवंती त्या दिवशी कामावरून उशिरा आली. मी खिडकीतून बघत होते आणि भाजी करपली. सुलक्षणा इंग्रजीच्या वहीत एकच वाक्य तीनदा लिहून खोडत होती.

"काकू, बाबांना सापडलं नाही तर आम्ही सहामाही परीक्षेनंतर लगेच जाणार. आईने गाठोडी बांधायला काढलीत."

"सापडेल गं," मी म्हटलं. माझाच त्यावर विश्वास नव्हता.

शुक्रवारी सकाळी दूध तापत होतं तेव्हा गुणाजी भिंतीशी येऊन उभा राहिला. दाढी केलेली नव्हती.

"वहिनी, साहेबांना एक निरोप द्याल? माका ती गाडी भरलेली होयी."

"भरलेली म्हणजे?"

"मालासकट. तो पोरगा रोज घेऊन फिरतो तशी. माझ्याकडे आली तेव्हा रिकामी होती. साच्यावर सूत चढवलेलं नसलं की साचा कसा मस्त चालतो. आमचा जॉबर, म्हणजे मुकादम, शिकवायचा, मोकळ्या साच्याला हात लावू नका, सूत चढवा, कापड विणू दे, मग बघा कुठे अडकतोय ते. माझी अक्कल कुठे गेली होती चार दिवस? मी मोकळा साचा बघत बसलोय!"

मी निरोप यांना सांगितला, यांनी बँकेतून शरच्चंद्रांना फोन केला, आणि संध्याकाळी तोंड पाडून आले.

"नाही म्हणाला. त्याचा नियम आहे, माल असलेली गाडी मेकॅनिककडे न्यायची नाही. आधी गोदामात सगळं उतरवायचं. औषधं आहेत, रस्त्यावर कशी ठेवणार? वर मलाच म्हणतो, तुझ्या माणसाला सापडलं नाही म्हणून तो सबबी सांगतोय का?"

"मग?"

"मग काय, मी भांडलो. शेवटी म्हणाला, उद्या मीच सोबत येतो, माल माझ्या नजरेसमोर राहील. पण उद्या सापडलं नाही तर विषय संपला."

तेव्हा मला राहवलं नाही. "अहो, एक सांगायचंय. गुणाजीला ऐकू येत नाही. डाव्या कानाने तर अजिबातच नाही."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"जानेवारीपासून."

"धन्य आहेस! अगं, मी त्याच्यासाठी शब्द टाकला ना? शरद काय म्हणेल? मला आत्ता जाऊन सांगायला हवं त्याला."

"तुम्ही नका सांगू. त्याचा कान आहे, त्याला सांगू दे."

"आणि नाही सांगितलं त्याने?"

मी पानं वाढायला घेतली.

शनिवारी सकाळी शेवंतीच्या कामाच्या एका घरी सत्यनारायण होता, सुट्टी मिळाली नाही. जाताना ती माझ्या दाराशी आली. "वहिनी, तेवढा लक्ष ठेवा. मागसून कोण बोलला तर..." एवढं बोलून ती निघाली.

नऊ वाजता अंबादास आला. मागच्या कॅरिअरवर खोक्यांची चळत दोरीने आवळलेली, आणि पुढे हँडलला एक जाड रेक्झिनची पिशवी लटकलेली. पाठोपाठ स्कूटरवरून शरच्चंद्र. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"हं, करा काय करायचं ते. साडेदहाला घाटकोपरला माल पोचला पाहिजे."

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि मुद्दाम अशी उभी राहिले की शरच्चंद्रांना माझ्याकडे, म्हणजे गुणाजीच्या समोरच्या बाजूला, यावं लागेल. ते आले, चहा घेतला, आणि पुन्हा गुणाजीच्या मागे जाऊन उभे राहिले. हेही अस्वस्थ होऊन रुमालाने चष्मा पुसत होते.

गुणाजीने चप्पल काढली आणि गाडीवर बसला. इंजिन चालू केलं. चौथा गिअर, पाय ब्रेकवर, तळवा कवचावर. क्लच सोडला.

इंजिन बंद पडलं नाही. गाडी थरथरत जागच्या जागी उभी, आणि इंजिन आपलं चालूच. सोमवारी हेच इंजिन याच माणसाच्या पायाखाली एका गचक्यात मेलेलं मी पाहिलं होतं.

"आता बंद पडायला हवं होतं ना?" शरच्चंद्र मागून म्हणाले. "मग हे काय झालं?"

गुणाजी डोळे मिटून बसलेला.

"अहो, मी विचारतोय. हे काय झालं?"

उत्तर नाही. अंबादास बावचळून एकदा साहेबांकडे, एकदा गुणाजीकडे बघायला लागला. मी ट्रे घेऊन पुढे व्हायला निघाले, तेवढ्यात शरच्चंद्र दोन पावलं गुणाजीच्या डाव्या कानाशी गेले आणि हळू, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "गुणाजी."

तो हलला नाही.

शरच्चंद्रांनी यांच्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. यांनी मान खाली घातली.

गुणाजीने डोळे उघडले तेव्हा आम्हा सगळ्यांचे चेहरे त्याच्यासमोर होते. ओठ वाचायची सव्वीस वर्षांची सवय असलेल्या माणसाला चेहरे वाचायला किती वेळ लागतो? त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"साहेब," तो म्हणाला, "डाव्या कानाने मला काही ऐकू येत नाही. उजव्याने थोडं येतं, समोरून बोललात तर. साचेखात्यात गेले कान. आधी सांगायला हवं होतं. भ्यालो."

"ऐकू येत नाही, मग इंजिनमधलं कसं कळतं?"

"हाताला कळतं. पायाला कळतं."

"आणि आत्ता काय कळलं?"

"क्लच घसरतोय. सोमवारी घसरत नव्हता. मध्ये मी नव्या प्लेटी टाकल्यात, म्हणजे बिघाड प्लेटीत नाही. आत कुठेच नाही. बाहेर आहे, आणि मालाबरोबर येतो." बोलता बोलता तो मागच्या खोक्यांची दोरी सोडवायला लागला. "अंबादास, ही उतरव."

खोकी उतरली. पुन्हा चौथा गिअर, ब्रेक, क्लच. इंजिन चालूच. गुणाजीच्या कपाळावर घाम आला होता. त्याने पुढची पिशवी हातात धरून किंचित वर उचलली, तशीच धरून ठेवली आणि अंबादासला म्हणाला, "आता तू बस. ब्रेक दाब. सोड क्लच."

गचका. इंजिन बंद.

गुणाजीने पिशवीचा पट्टा हँडलवर जिथे गुंडाळला होता तिथे बोट ठेवलं आणि शरच्चंद्रांना वाकून बघायची खूण केली. मीही वाकले. पट्टा हँडलला दोन वेढे देऊन घट्ट केलेला, आणि क्लचची काळी केबल त्या वेढ्यांच्या आत सापडलेली. पिशवीचं वजन आलं की पट्टा केबल खाली ओढून ती कोपरासारखी मुडपत होता.

"केबल मुडपली की आतली तार ताणली जाते. ढील संपते. दांड्याला हात न लावता क्लच अर्धा दाबलेला राहतो. सपाट रस्त्यावर चालून जातं. चढ आला की घसरतो, आणि प्लेटी जळतात. गाडी मेकॅनिककडे येते ती तुमच्या नियमाने रिकामी. पिशवी गोदामात. त्याला काय सापडणार?"

"काय असतं रे या पिशवीत?" शरच्चंद्रांनी अंबादासला विचारलं.

अंबादासचा चेहरा उतरला होता. "इंजेक्शनं, सर. काचेची. मागे ठेवली की खड्ड्यात फुटतात ना, म्हणून मी पुढे लटकवतो. कुणी सांगितलं नव्हतं, माझंच डोकं." मग गुणाजीकडे वळून म्हणाला, "काका, म्हणजे पनवती मीच की!"

हे हसले. शरच्चंद्र हसले नाहीत. त्यांनी पट्टा स्वतः सोडवून केबल मोकळी केली, पुन्हा ती चाचणी करायला लावली, पुन्हा पट्टा गुंडाळून करायला लावली. मग रुमालाने बोटांचं ग्रीस पुसत, या खेपेला गुणाजीच्या समोर येऊन, उभे राहिले.

"कारण सापडलं, हे मान्य. पण माझ्या गोदामात ट्रक मागे येतात. हॉर्न ऐकू न येणारा माणूस मी तिथे कसा ठेवू? उद्या काही झालं तर?"

गुणाजी त्यांचे ओठ बघत होता आणि त्याला शब्द न शब्द कळला होता. मला वाटलं, संपलं. हातातल्या कपात चहाने साय धरली होती, आणि मी उगाच ती बोटाने काढत बसले.

बोलला तो अंबादास. "सर, शेडचं तोंड रस्त्याकडे करता येईल ना? मागचा पत्रा काढायचा, पुढे लावायचा. ट्रक त्या बाजूला येतच नाहीत. आणि गाडी चालवून बघायची तर आम्ही सहाजण आहोत की. काका मागे बसतील."

"तू गप्प बस. तुझ्यामुळे चार सेट प्लेटी गेल्यात," शरच्चंद्र म्हणाले. पण ते शेडचाच विचार करत असावेत, कारण पाठोपाठ म्हणाले, "पत्रा कोण लावणार?"

"मी लावीन," गुणाजी म्हणाला.

"रस्त्यावर गाडी तू चालवायची नाहीस. एकदाही नाही. चाचणीला यांच्यापैकी कुणीतरी पुढे, तू मागे."

गुणाजीने गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं, मग पाय ठेवायच्या दांड्यांकडे. "मागचे पाय ठेवायचे दांडे सहाही गाड्यांना हवेत. रबर काढून. रबरातून काही कळत नाही."

"मिळतील. आणि सहा महिने बघणार मी. ही गाडी पुन्हा जळली, किंवा तू एकदा जरी ट्रकसमोर दिसलास, तर शेड रिकामी."

"हो साहेब."

"आणि श्याम," ते यांच्याकडे वळले, "तुला ठाऊक होतं?"

"काल रात्रीपासून," हे म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

शरच्चंद्र गेले. अंबादास पिशवी छातीशी धरून, एका हाताने गाडी चालवत जायला निघाला, तेव्हा गुणाजीने ओरडून त्याला थांबवलं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने ती पिशवी टाकीवर नीट बांधून दिली. मग खोक्यावर बसला. मी दिलेलं पाणी तो घटाघटा प्याला.

शेवंती दीड वाजता आली, प्रसादाची पुडी घेऊन. कोपऱ्यावरूनच तिने बघितलं, ताडपत्रीखाली गाडी नव्हती, नवरा एकटा बसला होता. ती तिथेच थांबली. पुढे येऊन विचारायचा तिला धीर होईना.

गुणाजीने तिला बघितलं आणि बसल्या जागेवरून ओरडला. बहिरा माणूस आनंदाने ओरडला की किती मोठ्याने ओरडतो याची मला कल्पना नव्हती. "गो, शेड मिळाली! सहा म्हयने! आणि मी सांगून टाकलंय साहेबाक, माका आयकूक येणा नाय म्हणान!"

आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्या उघडल्या. सुंदराबाई गॅलरीत आल्या. इतके महिने शेवंतीने अंगठ्याने सांभाळलेली गोष्ट एका दमात सगळ्या नाहूरला कळली. तिने घाबरून वर बघितलं, आजूबाजूला बघितलं, मग पदराने तोंड दाबलं. रडते की हसते ते मला खिडकीतून नीट दिसलं नाही.

"सहाच म्हयने?" जवळ येऊन, त्याच्या समोर उभी राहून तिने विचारलं.

"सहाच. मगे बघतले."

तिने प्रसादाची पुडी त्याच्या हातात दिली. "सुलूच्या मार्चच्या नववीच्या परीक्षेपर्यंत पुरतत," ती म्हणाली, आणि मार्चपर्यंतचे महिने बोटांवर मोजायला लागली. चारावर येऊन थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.